धागा: मोडेमच्या वेगाची दंतकथा आणि एका सेकंदाची शांतता

१/ मोडेमचा इतिहास सांगण्याची एक ठरीव रीत पडून गेली आहे. १९६२ सालचा बेल १०३, सेकंदाला ३०० बिट. त्यानंतर १२००, २४००, ९६००, १४,४००, २८,८००, ३३,६०० आणि १९९८ साली ५६,०००. आकडे पायरीपायरीने चढतात, शेवटच्या पायरीवर ब्रॉडबँड उभे असते आणि मोडेम अडगळीत जातो. हा तक्ता वरचेवर नव्याने फिरतो आणि दर वेळी तितक्याच कौतुकाने वाचला जातो. त्यातला एकही आकडा खोटा नाही. तरीही तो इतिहास नव्हे. इंजिनांची अश्वशक्ती नोंदवून सिग्नल, सांधेवाला आणि वेळापत्रक वगळलेला ग्रंथ जितका रेल्वेचा इतिहास ठरेल, तितकाच हा मोडेमचा.

२/ दूरध्वनीच्या तारेवरून माहिती बिनचूक पोहोचू लागली, याचे अर्धेच श्रेय वेगाकडे जाते. उरलेले अर्धे वेळ पाळण्याच्या विद्येचे आहे: किती वेळ बोलावे, किती वेळ गप्प राहावे, उत्तराची वाट किती पाहावी आणि ती पाहणे कधी सोडावे. या विद्येतला सर्वांत नेमका शोध १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात लागला. टवाळीही त्याच शोधाची सर्वाधिक झाली. हेज नावाच्या कंपनीने म्हणे चक्क शांततेचे पेटंट घेतले! प्रस्तुत धागा त्या टवाळीचा प्रतिवाद आहे.

३/ प्रथम मुळाशी जाणे भाग आहे. दोन यंत्रे एकाच तारेच्या दोन टोकांना बसली आहेत आणि प्रत्येकाजवळ स्वतःचे घड्याळ आहे. तारेवर विद्युतदाबाचे चढउतार येतात. एक बिट कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे तारेवर लिहिलेले नसते; ते घड्याळावरून ताडावे लागते. म्हणून प्रत्येक अक्षराच्या आरंभी एक आरंभ-बिट आणि शेवटी एक विराम-बिट जोडण्याची पद्धत टेलिप्रिंटरच्या काळापासून रूढ झाली. आठ बिटांचे अक्षर तारेवर दहा बिटांचे होते. ही उधळपट्टी नव्हे. दोन परक्या घड्याळांना दर अक्षरागणिक पुन्हा जुळवून घेण्याची ती किंमत आहे.

४/ हिशेब सोपा आहे. ग्राहक यंत्र आरंभ-बिट दिसताच मोजणी सुरू करते आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर डोकावते. शेवटच्या बिटाच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिटांचा काळ गेलेला असतो. तोवर दोन घड्याळांत अर्ध्या बिटाची तफावत पडली, तर नजर शेजारच्या बिटावर जाते. अर्धा भागिले साडेनऊ, म्हणजे सुमारे पाच टक्के. घड्याळांतील फरक त्याच्या आसपास गेला की 'क' पाठवावा आणि भलतेच काही उमटावे, अशी अवस्था होते. तारेत दोष नाही, वेग कमी नाही. चुकली ती केवळ वेळ.

५/ विराम-बिटाचे मूळ तर त्याहून गमतीचे आहे. टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापत असे, ११० बॉडच्या वेगाने. दहा अक्षरे आणि ११० बॉड हा मेळ बसतो, कारण तेथे प्रत्येक अक्षरामागे एक नव्हे तर दोन विराम-बिट होते. आतल्या लोखंडी दांड्या आणि क्लच यांना पुढच्या अक्षरापूर्वी जागेवर परतायला उसंत हवी होती. संगणकाच्या सेटिंगमध्ये दिसणारा 'स्टॉप बिट' हा रकाना म्हणजे लोखंडाने मागून घेतलेली विश्रांती आहे.

६/ फोन लागल्यावर येणारा तो प्रसिद्ध कर्कश आवाज. त्याच्या ध्वनिफिती आजही आठवणी म्हणून ऐकल्या जातात, परंतु त्या आवाजाच्या आधीच्या शांततेकडे कोणाचे लक्ष जात नाही. उत्तर देणारा मोडेम फोन उचलल्यावर सुमारे दोन सेकंद मुद्दाम गप्प बसतो. ही शांतता दूरध्वनी कंपनीच्या बिलाच्या हिशेबासाठी होती. कॉल उचलल्याची नोंद करणाऱ्या एक्स्चेंजमधील संकेतांत मोडेमने नाक खुपसू नये, म्हणून तसा नियमच होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय व्ही.२५ मानकानुसार सुमारे ३.३ सेकंद २१०० हर्ट्‌झचा सलग सूर. तो सूर समोरच्या मोडेमसाठी जितका होता तितकाच मधल्या जाळ्यासाठीही होता. लांब पल्ल्याच्या तारांवर माणसाला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून बसवलेली यंत्रे एका वेळी एकाच बाजूला बोलू देत. मोडेमांना एकाच वेळी बोलायचे असे. तो सूर पुरेसा वेळ टिकला तरच ती यंत्रे बाजूला होत. म्हणजे एकही बिट जाण्यापूर्वी पाचएक सेकंदांचे शिष्टाचार.

७/ आता मुख्य प्रकरण. जुन्या व्यवस्थेत नंबर फिरवण्याचे काम मोडेमकडे नसे. त्यासाठी बेल ८०१ सारखे वेगळे यंत्र आणि त्याची वेगळी केबल लागे. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी १९८१ मध्ये स्मार्टमोडेम बाजारात आणला, तेव्हा त्यांनी हे सगळे एका डब्यात आणि एका केबलमध्ये कोंबले. संगणक ज्या तारेवरून मजकूर पाठवी, त्याच तारेवरून 'नंबर फिरव', 'फोन ठेव' अशा आज्ञाही देई. 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या त्या आज्ञा पुढे साऱ्या उद्योगाची भाषा झाल्या. स्वस्त, सुटसुटीत आणि कोणत्याही संगणकाला जोडता येणारे हे यंत्र होते. पण एका केबलबरोबर एक पेच आला.

८/ पेच असा. जोडणी झाल्यावर मोडेम हा निव्वळ हमाल असतो. जे येईल ते पलीकडे पोहोचवायचे. मग 'आता फोन ठेव' ही आज्ञा त्याला द्यायची कशी? मजकूर सांगणाऱ्याने 'पूर्णविराम' म्हटले, तर लेखनिकाने ठिपका द्यावा की तो शब्द लिहावा? कोणताही शब्द खुणेचा म्हणून ठरवला, तरी तोच शब्द उद्या मजकुरात येऊ शकतो. खूण लांबलचक केली तर अपघाताची शक्यता घटते, शून्य होत नाही. मजकुराच्या आत राहून या पेचातून सुटका नाही.

९/ हेदरिंग्टन यांनी मजकुराच्या बाहेर पाहिले. तारेवर अक्षरांखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे अक्षरांमधला काळ. स्मार्टमोडेमची खूण ठरली ती अशी: एक सेकंद पूर्ण शांतता, मग अधिकची तीन चिन्हे '+++', मग पुन्हा एक सेकंद शांतता. एवढे जुळले तरच मोडेम हमालाची भूमिका सोडून आज्ञा ऐकायला वळतो. फाइल पाठवत असलेला संगणक भराभर अक्षरे ओततो. तो नेमका तीन अधिकचिन्हांच्या दोन्ही बाजूंना सेकंदभर थबकेल, असे सहसा घडत नाही. मजकुरात '+++' शंभर वेळा आले तरी बिघडत नाही. या शांततेलाच 'गार्ड टाइम' हे नाव मिळाले.

१०/ ही शांतता कायमची ठोकून बसवलेली नव्हती, ती जुळवता येई. स्मार्टमोडेमच्या पोटात 'एस' नावाच्या नोंदींची एक मालिका होती. त्यातील एस-१२ मध्ये गार्ड टाइमचा आकडा असे, सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत. मूळ आकडा ५०, म्हणजे पुरता एक सेकंद. एस-६ म्हणजे डायलटोनची वाट, दोन सेकंद. एस-७ म्हणजे पलीकडच्या मोडेमच्या सुराची वाट, सुरुवातीच्या मॉडेलांत ३० सेकंद. एस-८ म्हणजे नंबरात स्वल्पविराम दिल्यावर घ्यायचा श्वास, दोन सेकंद. एस-१० म्हणजे सूर हरवल्यावर किती काळ धीर धरायचा, सेकंदाच्या दहाव्या भागांत ७. ही यादी वरवर वाचली तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. हिच्यात वेगाचा आकडा एकही नाही. सगळे आकडे वाट पाहण्याचे आहेत.

११/ गार्ड टाइमचे पेटंट हेदरिंग्टन यांच्या नावे ऑक्टोबर १९८५ मध्ये मंजूर झाले, क्रमांक ४५,४९,३०२. तोवर हेजच्या आज्ञा बोलणारे मोडेम डझनावारी कंपन्या बनवू लागल्या होत्या. हेजने परवाना-शुल्क मागितले. काहींनी दिले, काहींनी नाकारले. एव्हरेक्स, व्हेन-टेल आणि ऑम्निटेल या कंपन्यांशी खटला उभा राहिला. १९९१ मध्ये ज्यूरीने हेजच्या बाजूने कौल दिला आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला.

१२/ टवाळीचा जन्म याच काळातला. आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो: गप्प बसण्यावर मालकी कसली? त्यात एक वाजवी प्रश्न दडलेला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. सबंध उद्योग ज्या आज्ञांवर उभा राहिला, त्यातील एका अत्यावश्यक खुणेवर एकाच कंपनीने टोलनाका बसवावा का, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर 'बसवू नये' असे देता येईल. परंतु 'टोल घेऊ नये' आणि 'तिथे रस्ताच नाही' ही दोन विधाने एक नव्हेत. टवाळखोरांनी पहिल्यावरून दुसरे सिद्ध झाले असे मानले. शांतता ही तांत्रिकदृष्ट्या निरर्थक अट आहे, ती काढून टाकली तरी काही अडत नाही, असा समज पसरला. त्या समजातून एक यंत्रणा जन्मली.

१३/ तिचे नाव 'टाइम इंडिपेंडंट एस्केप सीक्वेन्स', अर्थात वेळेवर न विसंबणारी खूण. १९९१ मध्ये पेटंटला वळसा घालण्यासाठी काही उत्पादकांनी ती पुढे आणली. नियम असा: '+++' नंतर लगेच 'एटी'ने सुरू होणारी वैध आज्ञा आणि शेवटी रिटर्नचे अक्षर आले, तर मोडेमने आज्ञा पाळावी. शांततेची गरज नाही. तर्क असा की अक्षरांचा इतका नेमका क्रम मजकुरात सहजासहजी येणार नाही.

१४/ तर्कातली फट उघड आहे. हा क्रम योगायोगाने येण्याची शक्यता कमी आहे, हे खरे. पण माहिती योगायोगाने थोडीच जन्मते? ती माणसे लिहितात. मोडेमच्या आज्ञा समजावून सांगणारा लेख, मोडेमच्या आज्ञावलीची फाइल, जोडणीतील अडचणीविषयीची चर्चा. ज्यांना या खुणेविषयी बोलायचे असेल, त्यांच्या मजकुरात ती येणारच. वेळेविना चालणाऱ्या मोडेमवरून असा लेख पाठवला की लेखच फोन ठेवून देई. हेजने या पद्धतीविरुद्ध जाहीर मोहीम उघडली, तेव्हा ती व्यापारी आरडाओरड म्हणून मोडीत काढली गेली. हेजचा स्वार्थ त्यात गुंतला होता, यात शंका नाही. मात्र दुकानदाराचा फायदा होतो म्हणून त्याचे माप खोटे ठरत नाही.

१५/ अपघाताची चर्चा कागदावरची वाटत असेल, तर १९९८ साल पाहावे. इंटरनेटवर 'पिंग' नावाची एक साधी हाक असते. एका संगणकाने काही अक्षरे पाठवायची, दुसऱ्याने तीच जशीच्या तशी परत करायची. कोणा खोडकराने त्या अक्षरांच्या जागी '+++एटीएच०' आणि रिटर्न हा क्रम रोमन अक्षरांत भरला. पलीकडच्या संगणकाने प्रामाणिकपणे ती हाक परतवली. परतताना ती त्याच्या स्वतःच्या मोडेममधून गेली. गार्ड टाइमची अट नसलेल्या मोडेमने ती मालकाची आज्ञा समजून फोन ठेवला. हल्लेखोराला ना संकेतशब्द लागला, ना कोणती घुसखोरी. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून, एका हाकेत, अनोळखी माणसाचा फोन कापता येऊ लागला.

१६/ ज्या मोडेमांना सेकंदभर शांततेची अट होती, त्यांच्यावर या हाकेचा परिणाम होत नव्हता. भराभर वाहणाऱ्या अक्षरांत ती शांतता कोठून येणार? बाकीच्यांना जो उपाय सांगितला गेला, तोही बोलका आहे: एस-२ या नोंदीत २५५ हा आकडा भरा. एस-२ मध्ये खुणेच्या चिन्हाचा क्रमांक असे; १२७ च्या वरचा आकडा भरला की खूणच बंद पडे. म्हणजे शांतता काढून टाकल्यावर जी खूण उरली, ती सुरक्षित राहावी म्हणून शेवटी ती खूणच मोडावी लागली. सात वर्षांपूर्वी निरर्थक ठरवलेल्या एका सेकंदाचे मोल याहून स्पष्ट कसे व्हावे?

१७/ यावर एक जाणता आक्षेप येतो. शांतता तरी विश्वासार्ह कोठे आहे? मध्ये साठवणूक करणारे यंत्र असेल, तर अक्षरे थांबतात, साचतात, एकदम सुटतात; पाठवणाऱ्याची शांतता वाटेत चेपली जाते. आक्षेप खरा आहे, पण येथे लागू नाही. गार्ड टाइम समुद्रापार पोहोचण्यासाठी नव्हताच. तो संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेला मोडेम यांच्यातील हातभर केबलपुरता होता. तेवढ्या अंतरात वेळ अबाधित राहते. आज्ञा देणारा जवळ आहे आणि मजकूर दुरूनही येऊ शकतो, हा भेद अक्षरांना कळत नाही, वेळेला कळतो. हेदरिंग्टन यांच्या शोधाची खरी खोली येथे आहे.

१८/ शांततेचा गौरव म्हणजे वाट्टेल तितके थांबण्याचा गौरव नव्हे. एस-१० चेच उदाहरण. तारेवर खरखर झाली, क्षणभर सूर हरवला, तर ०.७ सेकंदात फोन ठेवणारा मोडेम उतावळा ठरे. कॉल-वेटिंगचा टुंग आवाज आला तरी जोडणी तुटे. म्हणून पुढच्या मोडेमांत हा आकडा १४ झाला आणि खराब तारांवर लोक तो आणखी वाढवत. परंतु फार वाढवला, तर पलीकडच्याने फोन कधीच ठेवलेला असे आणि मोडेम मात्र जोडणी शाबूत आहे अशा समजुतीत बसे. बुलेटिन बोर्डावर हा नुसता गैरसोयीचा नव्हे, धोक्याचा मामला होता: आधीचा सभासद बाहेर पडल्याची नोंद झाली नाही, तर त्याच्या खुल्या राहिलेल्या खात्यात पुढचा माणूस शिरू शके. अधीर घड्याळ जोडणी तोडते, सुस्त घड्याळ घर उघडे टाकते. योग्य आकडा या दोहोंच्या मध्ये, त्या-त्या तारेच्या स्वभावानुसार शोधावा लागतो.

१९/ येथे भारताचा संबंध येतो. कारखान्यातून येणारे सगळे आकडे अमेरिकी एक्स्चेंजच्या स्वभावाला धरून होते. आपल्याकडचा डायलटोन ज्या मोडेमला ओळखता येत नसे, तो 'डायलटोन नाही' म्हणून हात वर करी. त्याला डायलटोनची वाट न पाहता नंबर फिरवण्याची सूचना द्यावी लागे. जुन्या एक्स्चेंजला टोन कळत नसत, म्हणून ठोक्यांनी नंबर फिरवायचा, सेकंदाला दहा ठोके. शून्यासाठीच पुरा एक सेकंद. कचेरीच्या बोर्डावरून बाहेरची लाइन घ्यायची तर आधी शून्य, मग स्वल्पविराम, मग नंबर. परदेशी कॉलला जोडणी लागायलाच इतका वेळ जाई की एस-७ मधले तीस सेकंद संपून जात. मोडेम फोन ठेवी आणि पलीकडे घंटा वाजतच राही. अशा वेळी दुप्पट वेगाचा मोडेम आणून काय साधले असते?

२०/ १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी, आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी या संस्था होत्या. आरंभीची ईमेल डायल-अप फोनवरून, यूयूसीपी पद्धतीने जाई. यूयूसीपीच्या सेटिंगमध्ये पलीकडच्या संगणकाशी होणाऱ्या संवादाची संहिताच लिहावी लागे: अमुक शब्दाची वाट पाहा, मग अमुक पाठव, मग सेकंदभर थांब, पुन्हा पाठव. 'थांब' यासाठी त्यात स्वतंत्र चिन्ह होते. पुढे १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतील यूयूनेटपर्यंत ९६०० बिटांची कायमची जोडणी मिळाली आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. या तारखा सर्वत्र सापडतात. नंबर फिरवण्याच्या त्या ओळीत किती स्वल्पविराम द्यावेत, हे ज्यांनी रात्री जागून शोधले, त्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही.

२१/ वेगाच्या भक्तांसाठी आता शुद्ध गणित. १९७७ मध्ये शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी फाइल पाठवण्याची एक्समोडेम पद्धत रचली. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा आकडा द्यायचा, आणि पलीकडून पोच आल्याखेरीज पुढचा तुकडा सोडायचा नाही. तुकड्याची वाट दहा सेकंद. तुकडा सुरू झाल्यावर पुढच्या अक्षराची वाट एक सेकंद. मुदत टळली की पुन्हा मागणी. पद्धत इतकी साधी की ती साऱ्या जगात पसरली.

२२/ आता हीच पद्धत उपग्रहावरून वापरावी. भारताचे परदेशी दूरध्वनी १९७१ पासून पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या आर्वी येथील भूकेंद्रातून उपग्रहाकडे जाऊ लागले. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद. तुकडा जाऊन त्याची पोच यायला अर्धा सेकंद. एक तुकडा मूळ पद्धतीत १३२ बाइटांचा, म्हणजे तारेवर १३२० बिट. २४०० च्या मोडेमला तो पाठवायला ०.५५ सेकंद लागतात, अधिक अर्धा सेकंद पोचेची वाट: एकूण १.०५. म्हणजे सेकंदाला सुमारे १२२ बाइट. आता चौपट वेगाचा, ९६०० चा मोडेम आणला. पाठवायला ०.१४ सेकंद, वाट तीच अर्ध्या सेकंदाची. एकूण ०.६४, सेकंदाला सुमारे २०० बाइट. चौपट वेगाने प्रत्यक्षात पावणेदोनपटही मिळाले नाही! इतकेच नव्हे, २४०० चा मोडेम न थांबता चालला असता तर त्याने सेकंदाला २४० अक्षरे वाहिली असती. नवा महागडा मोडेम जुन्याच्या पूर्ण क्षमतेलाही पोहोचला नाही. तक्त्यात मात्र त्याची पायरी चारपट उंच दिसते.

२३/ टेलेबिट या कंपनीने हे दुखणे ओळखले होते. पॉल बॅरन यांनी स्थापलेल्या या कंपनीचा ट्रेलब्लेझर मोडेम यूयूसीपी वापरणाऱ्यांत लाडका झाला, तो केवळ वेगामुळे नव्हे. यूयूसीपीत ६४ बाइटांचे तीन तुकडे गेले की पोचेसाठी थांबावे लागे. ट्रेलब्लेझर ही बोली ओळखत असे. पलीकडून पोच येण्याची वाट न पाहता जवळचा मोडेमच संगणकाला पोच देऊन टाकी आणि बिनचूक पोहोचवण्याची जबाबदारी दोन मोडेम आपसांत निभावत. खोटी पोच म्हणायची तर ती खोटीच. पण ती देण्याचा अधिकार मोडेमने तारेवरच्या दुरुस्तीची हमी घेऊन कमावला होता. त्यासाठी एस-१११ ही खास नोंद होती.

२४/ वेळेचा हिशेब चुकला की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मोडेमच्या बाहेरचे, खुद्द इंटरनेटचे आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधल्या जोडणीचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर अवघे ४०० यार्ड. तारा तुटल्या नव्हत्या. गर्दी होताच संगणक पोचेची पुरेशी वाट न पाहता तोच मजकूर पुनःपुन्हा पाठवत सुटले आणि गर्दी आणखी वाढली. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये जो उपाय मांडला, त्यातील महत्त्वाचा भाग वाट पाहण्याच्या मुदतीचा होता: पोच यायला सरासरी किती वेळ लागतो एवढेच पाहू नका, तो किती बदलतो हेही मोजा आणि त्यावरून मुदत ठरवा, शिवाय एकदम ओतू नका, हळूहळू वाढवा. त्यासाठी कोठेही नवी तार टाकावी लागली नाही.

२५/ मग वेगाचाच तक्ता का टिकून राहतो? कारण खोक्यावर तोच छापता येतो. '५६के' हे अक्षर दुकानाच्या काचेतून दिसते. 'हा मोडेम योग्य वेळी गप्प बसतो' अशी जाहिरात करून कोण खपवणार? हेज कंपनीने १९९४ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण मागितले, १९९८ मध्ये पुन्हा मागितले आणि १९९९ मध्ये तिची मालमत्ता विकली गेली. तिच्या पतनाची कारणे व्यापारी होती आणि त्यांची चिकित्सा स्वतंत्रपणे व्हावी. पण कंपनी बुडाली म्हणून तिचा शोधही हास्यास्पद ठरवणे, हा जेत्यांच्या बखरी वाचून इतिहास लिहिण्यासारखाच प्रकार आहे, आणि निदान इतिहासप्रेमींनी तरी तो करू नये.

२६/ पेटंटची मुदत कधीच संपली आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर आज सिम८०० किंवा ईएसपी८२६६ ही काही रुपयांना मिळणारी चिमुकली पाटी असते. तिलाही आज्ञा द्यावी लागते ती 'एटी'नेच, आणि मजकूर वाहण्याच्या अवस्थेतून बाहेर काढायचे तर '+++' च पाठवावे लागते. नवखा विद्यार्थी घाईघाईने त्याच्यापाठोपाठ रिटर्न दाबतो आणि पाटी ढिम्म हलत नाही. मग तो माहितीपुस्तिका उघडतो. तिथे लिहिलेले असते: पुढची आज्ञा देण्यापूर्वी एक सेकंद थांबा.